फायबर बोटीची गेलेली चमक परत आणायची असेल तर वॅक्सचा डबा आधी बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की भावासोबत २२ फुटी सेकंडहँड फायबर बोट घेतलीत, आधीच्या मालकाने ती दोन पावसाळे मांडव्याला ट्रेलरवर ताडपत्रीखाली तशीच सोडली होती, आता पांढऱ्या भागावर हात फिरवला की तळव्याला पावडर लागते, निळा पट्टा पांढरट पडलाय, रेलिंगवर तपकिरी डाग आहेत आणि पुढची काच धुरकट झालीये. एक जण म्हणतो गाडीचं वॅक्स मारा, दुसरा म्हणतो सरळ पेंट करून टाका. माझं म्हणणं, आत्ता दोन्ही नको. मी माझगाव आणि मांडवा या पट्ट्यात फायबर बोटींच्या दुरुस्तीचं आणि फिनिशिंगचंच काम करतो आणि तुमच्या वर्णनावरून बोट बहुतेक पॉलिशनेच येईल असं वाटतंय. पण काम कुठून सुरू करता याला फार महत्त्व आहे.

वर जो पांढरा थर दिसतोय तो पेंट नाही, जेलकोट आहे, म्हणजे रंग मिसळलेलं पॉलिएस्टर रेझिन. बोट मोल्डमध्ये बनवताना सगळ्यात आधी हाच थर मारतात आणि मग त्यावर मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) आणि रेझिन चढवत जातात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. गाडीचा वरचा क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉन असतो, म्हणजे जेलकोट त्याच्या दहापट जाड, म्हणूनच बोटीला घासून परत आणता येतं. पण ही जाडी म्हणजे बँकेतली शिल्लक धरा, प्रत्येक वेळी कंपाउंड (घासून वरचा थर काढणारी पेस्ट) मारलं की त्यातून थोडी निघते आणि परत भरायची सोय नाही, आणि सेकंडहँड बोटीचं तर पासबुकही तुमच्या हातात नाही, आधीच्या मालकाने किती वेळा घासलीये देव जाणे. त्यामुळे माझा हट्ट एकच असतो, चमक यायला जेवढं काढावं लागेल तेवढंच काढायचं, त्याच्या वर एक हातही नाही.

चमक जाते कशी, तर उन्हातले यूव्ही किरण वरच्या रेझिनची साखळी तोडतात, रेझिन झिजतं आणि रंगाचे कण सुटे होतात, तीच तुमच्या हाताला लागणारी पावडर. खाली राहतो तो खडबडीत, बारीक छिद्रांचा पृष्ठभाग, त्यावर उजेड सरळ परत न येता विस्कटतो म्हणून बोट मेल्यासारखी दिसते. आडवे भाग आधी जातात, उभ्या बाजू नंतर. आणि बोट ट्रेलरवर कायम एकाच दिशेला उभी असेल तर दक्षिणेकडची बाजू जास्त गेलेली मिळेल, कारण आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडूनच जातो. तेव्हा दोन्ही बाजूंना एकच ट्रीटमेंट द्यायची असं ठरवून बसू नका.

आता या पावडरीवरच वॅक्स मारलं तर काय होतं? ती छिद्रं वॅक्सने भरतात, पंधरा-वीस दिवस बरी दिसते, मग वॅक्स उडतं आणि पुन्हा तेच, वर ते वॅक्स छिद्रांत बसल्यामुळे पुढच्या वेळी काढायचा वेगळा ताप. बोट विकायच्या आदल्या दिवशी डिझेल नाहीतर खोबरेल तेलाचा बोळा फिरवतात, तो प्रकारही हाच. तुम्ही बघायला गेलात तेव्हा चमकत होती आणि घरी आणून धुतल्यावर गेली असं झालं असेल तर समजून जा.

सुरुवात दोन छोट्या टेस्टने करा, पैसे लागत नाहीत. पहिली, एक ओलं फडकं घेऊन सगळ्यात खराब जागी फिरवा. ओलं असेपर्यंत रंग गडद आणि नीट दिसला आणि सुकल्यावर परत पांढरट झाला तर खाली रंग शाबूत आहे, फक्त वरचा थर मेलाय, पॉलिशने येईल. ओलं करूनही ठिपके ठिपके, काळपट डाग किंवा फायबरच्या मॅटचे धागे दिसले तर तिथे जेलकोट जवळपास संपलाय, मशीन लावू नका. दुसरी टेस्ट, एखादा जुना स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून हळूच सोडवा नाहीतर एखादा क्लीट (दोरी बांधायचा खुंटा) खोलून बघा, त्याच्याखाली ऊन न लागलेला मूळ रंग दिसेल. तो तुमचा नमुना. तिथपर्यंत पोचायचंय, त्याहून जास्त चकाचक करायच्या नादात जेलकोट घालवायचा नाही. रजिस्ट्रेशन नंबरचे स्टिकर काढलेत तर तेवढे परत लावायला विसरू नका, आणि त्यांच्या जागी जुन्या अक्षरांचं भूत दिसत राहील ते पूर्ण जाईलच असं नाही.

मग धुणं. इथे लोक घाई करतात. मीठ आणि बारीक वाळू बोटीवर असताना घासलंत तर तुम्ही वाळूनेच ओरखडे काढताय. भरपूर गोडं पाणी, आणि मांडवा-अलिबागकडे विहिरीचं पाणी कुठे कुठे मचूळ असतं म्हणून शेवटचा हात तरी चांगल्या पाण्याचा. या वेळेपुरता भांड्यांचा लिक्विड साबण चालेल, जुनं वॅक्स आणि तेलकटपणा त्याने निघतो, पुढे रोजच्या धुण्याला मात्र तो नको कारण तुमचं नवीन वॅक्सही तसंच निघेल. सुकल्यावर अ‍ॅसिटोन किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), दोन फडकी घ्यायची, एकाने लावायचं आणि उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं, एकाच फडक्याने केलं तर घाण फक्त इकडची तिकडे होते. आजूबाजूला विडी-सिगरेट बंद, आणि काचेच्या जवळ अ‍ॅसिटोन अजिबात नेऊ नका, का ते पुढे येईल.

पाण्याच्या रेषेवर पिवळट तपकिरी पट्टा असेल, मुंबई बंदराच्या पाण्यात राहिलेल्या बोटीला तो असतोच, तो मशीनने काढायला जाऊ नका. ऑक्सॅलिक अ‍ॅसिडने जातो. लादी-मार्बल पॉलिशवाले शेवटच्या हाताला जी पांढरी पावडर वापरतात तीच, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, नाहीतर प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे. कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावा, दहा मिनिटं थांबा, सुकू देऊ नका, मग भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा पाहिजेच, विषारी आहे, पोरंबाळं आसपास नकोत. अ‍ॅल्युमिनियम आणि ट्रेलरच्या गॅल्व्हनाइज्ड पाइपला लागू देऊ नका. यात जेलकोट अजिबात झिजत नाही, म्हणून हे आधी, घासणं नंतर.

आता खरं काम. बोटीच्या बाजूला, फार लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी मास्किंग टेपने फूटभर चौकोन करा आणि तिथे आधी फक्त कंपाउंड मारून बघा. चमक आली? मग पॉलिश पेपरला हात लावायचा नाही, अख्खी बोट कंपाउंडवर करा. नाही आली तर बाजूच्या चौकोनात १५०० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा, नंबर जितका मोठा तितका बारीक) आणि मग कंपाउंड. तरी नाही तर १०००. मी क्वचित ८०० वर जातो, ६०० तर जवळपास नाहीच. लोक उलटं करतात, ४०० पासून सुरू करतात कारण लवकर होतं, लवकर होतंच, पण ४०० ने पाडलेले ओरखडे काढायला परत तेवढाच जेलकोट घालवावा लागतो. आणि १००० ने सुरू केलं तर १५००, मग २०००, मधला नंबर गाळायचा नाही. पेपर घासताना एक युक्ती, त्या भागावर शिसपेन्सिलने आडव्यातिडव्या रेघा मारा, रेघा पुसल्या गेल्या की थांबा, परत रेघा मारून पुढचा नंबर, म्हणजे सगळीकडे सारखं घासलं जातं आणि एकाच जागी हात अडकत नाही. पेपर रबरी ब्लॉकवर गुंडाळा, नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या जागी खाचा पडतात आणि उन्हात तिरक्या उजेडात त्या लाटांसारख्या दिसतात. पाण्यात साबणाचे दोन थेंब, पेपर सारखा धुवत राहायचा. कोरडं घासू नका, धूळ फुफ्फुसात जाते आणि पेपर भरतो.

मशीनबद्दल आधी हे, की चार इंची ग्राइंडरला पॅड लावून बफिंग करणारे बरेच भेटतील. तो ग्राइंडर ११,००० आरपीएमच्या आसपास फिरतो, जेलकोट जाळायला दोन सेकंद पुरे. पॉलिशर वेगळा येतो, स्पीड कमी-जास्त करता येणारा, नागदेवी स्ट्रीटला फिरलात तर चार कंपन्यांचे दाखवतील. हात बसला नसेल तर ड्युअल अ‍ॅक्शनवाला घ्या, हळू काम करतो पण जाळत नाही. रोटरी (नुसता गोल फिरणारा) असेल तर १००० ते १५०० आरपीएमच्या मध्ये ठेवा. ओल्या जागेत विजेचं यंत्र चालवताय, तेव्हा ३० मिलिअँपच्या आरसीसीबीशिवाय (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) प्लग लावू नका, जेट्टीवरच्या उघड्या वायरींचं तर बोलूच नका.

कंपाउंड मारायची पद्धत नीट सांगतो कारण निम्मं काम इथेच बिघडतं. तुमच्या बोटीच्या दोन्ही बाजू आणि मागचा ट्रान्सम (बोटीची मागची सपाट भिंत) धरला तर अंदाजे १५० चौरस फूट होईल, त्याचे दोन फूट बाय दोन फूट असे तुकडे डोक्यात पाडा. लोकरीचं पॅड, त्यावर कंपाउंडचे चार-पाच ठिपके, मशीन बंद असतानाच पॅड टेकवून ते त्या चौकोनात पसरवायचे, नाहीतर चालू केल्या केल्या तुमच्या तोंडावर आणि शेजारच्या बोटीवर उडणार. मग सावकाश आडवं, मग उभं, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवत. पॅड सपाट ठेवा, कडेवर तिरकं केलं की गोल गोल छाप उठतात. सुरुवातीला थोडा दाब, कंपाउंड पातळ होऊन पारदर्शक दिसायला लागलं की नुसत्या मशीनच्या वजनावर. सुकेपर्यंत मारत बसू नका. मध्येच हाताचा पालथा भाग लावून बघा, कोमट चालेल, चटका बसायला नको. कोपरे, कडा, नाळेची धार इथे जेलकोट आधीच पातळ असतो, तिथे टेप लावून ठेवा आणि शेवटी हातानेच करा. दर दोन चौकोनांनंतर पॅड ब्रशने साफ करा, त्यात पांढरा लगदा साठतो आणि मग पॅड कापत नाही, नुसतं तापतं.

गाडीचं कंपाउंड चालेल का असं पुढे विचाराल. चालतं, पण ते पातळ क्लिअर कोटसाठी बनवलेलं म्हणून मऊ, जाड मेलेल्या थरावर तासन्तास लागतात, आणि काहींमध्ये सिलिकॉन असतं, पुढे कधी पेंट करायची वेळ आली तर त्या सिलिकॉनमुळे पेंटमध्ये माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. जेलकोटसाठीचं मरीन कंपाउंड थ्रीएम किंवा मेग्वायर्सचं मिळतं, तुमच्या साइझला लिटरभर पुरावं. त्यानंतर फोम पॅडवर बारीक पॉलिश, कमी स्पीड, कमी दाब. प्रत्येक भाग झाला की आयपीएने पुसून टॉर्च तिरका धरून बघा. पुसल्याशिवाय बघू नका, पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकून ठेवतं आणि तुम्ही खूश होऊन पुढे जाता.

निळ्या पट्ट्याला मशीन लावायच्या आधी तो आहे काय ते बघा. नखाने कड लागली आणि उचलली जातेय तर व्हायनल स्टिकर आहे, तो पॉलिश होत नाही, काढून नवीन लावा. थिनरच्या फडक्याने चिकट होऊन रंग सुटला तर कोणीतरी साधा ऑइल पेंट मारलाय. यातलं काही नसेल आणि पाण्याच्या टेस्टला खरा निळा दिसत असेल तर रंगीत जेलकोट, तो वर सांगितल्यासारखाच करा पण पॅड वेगळं घ्या नाहीतर पांढऱ्यावर निळी झाक येईल. गडद रंग परत लवकर पांढरट पडतो हेही आत्ताच मान्य करून टाका, आपल्या उन्हात गडद बोट म्हणजे हौसेचं मोल.

मग वॅक्स, आत्ता त्याची पाळी. कार्नोबा वॅक्स दिसायला छान, आपल्याकडे ऊन आणि खारं पाणी मिळून तीनेक महिन्यांत संपतं. पॉलिमर सीलंट जरा जास्त टिकतं. सिरॅमिक कोटिंगबद्दल सगळेच विचारतात, चांगलं आहे, पण खाली जे ओरखडे असतील ते तसेच बंद होऊन बसतात, आणि लावताना हवेत दमटपणा जास्त असेल तर धब्बे राहतात, तेव्हा पहिल्या वर्षी साधं सीलंट मारा, बोट कळू दे. अ‍ॅक्रिलिकचे ते पाण्यासारखे ‘लावा आणि चमकवा’ कोट मात्र माझ्या सल्ल्याने नको, वर्ष-दोन वर्षांत पिवळे पडून सालं निघतात आणि काढणाऱ्याचे हाल.

रेलिंगवरचे तपकिरी डाग म्हणजे स्टीलच खराब निघालं असं नाही. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस समुद्रावर डाग धरतंच, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते कमी धरतं. दोन गोष्टी टाळा, बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड आणि लोखंडी तारेची घासणी. अ‍ॅसिडमधलं क्लोराइड स्टीलला खड्डे पाडतं आणि घासणीचे तुकडे त्यावर राहून स्वतः गंजतात, म्हणजे आठवड्यात आधीपेक्षा जास्त डाग. तेच ऑक्सॅलिकचं पाणी मऊ फडक्याने लावा, धुवा, मग मेटल पॉलिश आणि वर वॅक्सचा एक हात. पितळेचं काही असेल तर पितांबरी बिनधास्त, फक्त ती जेलकोटवर घासू नका.

धुरकट काच ही काच नसून अ‍ॅक्रिलिक असते किंवा पॉलिकार्बोनेट. दोघांनाही अ‍ॅसिटोन, थिनर आणि अमोनियावाला ग्लास क्लीनर वर्ज्य, आतून बारीक तडे जातात आणि ते कशानेच जात नाहीत. अ‍ॅक्रिलिक असेल तर १५००, २०००, ३००० असा ओला पेपर आणि प्लास्टिक पॉलिश, सुंदर येतं. पॉलिकार्बोनेटवर बहुतेक वेळा कडक कोटिंग असतं, ते सोलवटायला लागलं असेल तर वेळ न घालवता शीट बदला.

डेकवर जिथे पाय ठेवता तिथला खरखरीत भाग फक्त ब्रश आणि साबणाने धुवा, तिथे वॅक्स मारलंत तर पहिलीच लाट आली की कोणीतरी आपटणार. आजूबाजूला मशीन चालवताना तो भाग टेप आणि कागदाने झाका, त्या खरखरीतात सुकलेलं कंपाउंड दातांच्या ब्रशने काढत बसावं लागतं. पाण्याच्या रेषेखाली अँटीफाउलिंग (शिंपले-शेवाळ धरू न देणारा पेंट) आहे ते चमकवायचं नसतं, आणि त्यात तांबं वगैरे विषारी माल असतो म्हणून कोरडं घासायचं तर अजिबातच नाही.

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा, सकाळी दव सुकल्यावर सुरू करून अकरापर्यंत, नंतर चारनंतर. भर उन्हात कंपाउंड पॅडखालीच सुकतं. गेटवेजवळ मुरिंगवर (पाण्यात बांधून) ठेवणार असाल तर त्याच दिवसांत सीगल येतात, एलिफंटाच्या लाँचमधून लोक त्यांना वेफर आणि गाठ्या टाकतात आणि हिशोब तुमच्या डेकवर चुकता होतो, ती घाण त्याच दिवशी धुवा, उन्हात राहिली तर वॅक्स खाऊन डाग पाडते.

आणि पावसाळ्यात ती निळी ताडपत्री बोटीला चिकटून बांधू नका. आतला दमटपणा कोंडतो, बुरशी येते, आणि जूनच्या वाऱ्यात ताडपत्री आणि दोरी महिनोन्महिने एकाच जागी घासत राहते, तुमच्या बोटीवर दोरीच्या रेषेत जे निस्तेज पट्टे दिसत असतील ते ऊन नव्हे, तेच. बांबूची चौकट करून ताडपत्री वर उचला, दोन्ही टोकांना हवा खेळू द्या, दोरी जिथे टेकते तिथे जुनं गोणपाट नाहीतर कार्पेटचा तुकडा.

पेंट कधी करायचा, तर ८०० पर्यंत जाऊनही छिद्रं तशीच राहिली किंवा मॅट दिसायला लागली तर. तेव्हा एक तर नवा जेलकोट नाहीतर टू-पॅक पीयू (दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन पेंट). पीयूच्या स्प्रेमध्ये आयसोसायनेट असतं, साध्या मास्कने भागत नाही, आणि दमट हवेत मारला तर चमकच येत नाही, म्हणून ते घरी करायचं काम नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा मात्र पॉलिशनेही जात नाहीत आणि पेंटनेही परत वर येतात, त्या खोलून भरूनच घ्याव्या लागतात.

बाहेर काम देणार असाल तर भाव विचारायच्या आधी विचारा की टेस्ट चौकोन करून दाखवणार का आणि पेपर कितव्या नंबरपासून सुरू करणार. न बघताच ४०० म्हणाला तर दुसरा माणूस बघा. आणि शेवटचा हप्ता काम संपल्या दिवशी देऊ नका, बोट साबणाने धुवायला लावा, एका भागावर आयपीए फिरवा, दुसऱ्या दिवशी सकाळी तिरक्या उन्हात दोन्ही बाजूंनी चालत बघा, गोल छाप दिसले तर फोम पॅडचा हात परत मारून घ्या आणि मगच पैसे मोकळे करा.